निक्षेपधर्म आणि मुंबईची जुनी बँक

व्यापार आणि नीती यांचे सख्य असू शकते काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याची उत्तरेही ठरावीक आहेत. एक पक्ष म्हणतो की, हाती तागडी धरली म्हणजे खऱ्याशी थोडीबहुत फारकत घ्यावीच लागते. बाजारात हरिश्चंद्राचा अवतार घेऊन बसणाऱ्याच्या दुकानात सांजवेळी दिवा लागावयाचा नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, सचोटी हेच व्यापाऱ्याचे खरे भांडवल असून लबाडीने जोडलेले धन तिसऱ्या पिढीला पुरत नाही. हे दोन्ही पक्ष परस्परांचे वैरी दिसले तरी एका गोष्टीविषयी त्यांचे एकमत आहे. व्यापार म्हटला की दोघांच्याही डोळ्यांपुढे गादीवर बसलेला एक व्यापारी उभा राहतो, आणि नीतीचा प्रश्न म्हणजे त्या एका माणसाच्या शीलाचा प्रश्न, असे दोघेही धरून चालतात.

परंतु गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत व्यापाराचा कर्ता पुरुषच बदलून गेला आहे. आज मोठा व्यवहार करते ती मंडळी, बँक किंवा विश्वस्तसंस्था. तिला देह नाही, अंतःकरण नाही आणि परलोकाची धास्ती नाही. ती संचालकांच्या तोंडाने बोलते, सेक्रेटरीच्या हाताने सही करते आणि कारकुनांच्या लेखणीने हिशेब लिहिते. प्रत्येक जण कामाचा एक तुकडा करतो. संपूर्ण काम कोणीच केलेले नसते. अशा संस्थेच्या हातून अनर्थ झाला तर पाप कोणाचे, आणि तिच्या हातून अनर्थ होऊ नये म्हणून पुण्य कोणी कोठे आचरावयाचे? या प्रश्नाचा विचार नुसत्या तर्काने करू गेल्यास तो हवेत राहतो. म्हणून इ. स. १८६१ ते १८६८ या सात वर्षांत आपल्या मुंबई शहरात जे घडले, त्याच्या आधाराने तो करावा असे योजले आहे. ही हकीकत नवीन नाही. सर दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी ती डोळ्यांनी पाहिली आणि १९१० साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तथापि बहुधा ती सट्ट्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते; तिच्या पोटात नीतिशास्त्राचा जो धडा आहे, तिकडे लक्ष कमी जाते.

प्रथम जुन्या पेढीची नीती कशी होती ते पाहिले पाहिजे. सुरतेचा, पुण्याचा किंवा मुंबईचा सावकार व्यापार करी तो आपल्या व आपल्या घराण्याच्या नावावर. त्याची हुंडी काशीस पटे ती कोणा न्यायाधीशाच्या भीतीने नव्हे. ती परत फिरली तर घराण्याची पत गेली, आणि पत गेली की मुलामुलींची लग्ने अडली, हे त्याला ठाऊक असे. दिवाळे निघाले म्हणजे भरदिवसा दारी दिवा लावून आपली नादारी जाहीर करण्याची चाल होती असे सांगतात. बापाचे ऋण मुलाने फेडणे हा धर्म मानला जाई. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते, कुळांची पिळवणूक होती, व्याजावर व्याज चढत होते. परंतु तिच्यात एक गोष्ट स्पष्ट होती. जोखीम घेणारा मनुष्य आणि नुकसान सोसणारा मनुष्य हे बहुधा एकच असत. आपल्या लोभाला आवर घालणारे शहाणपण मनुष्यास येते ते याच एकीमुळे.

परक्याचा पैसा हाती आला असता कसे वागावे, याचाही विचार आपल्या शास्त्रकारांनी केला होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचे, एक प्रकरणच आहे. कौटिल्यानेही त्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. राजाने हरण केली, दैवाने नष्ट झाली किंवा चोराने नेली, तर ठेव राखणाऱ्यावर दोष नाही. पण तिचा त्याने स्वेच्छेने आपल्यासाठी उपयोग केला, तर तो दंडास पात्र आणि ठेव वृद्धीसह परत करण्यास बांधलेला. येथे ठेव राखणारा मनाचा दुष्ट होता की सुष्ट, हा प्रश्न शास्त्रकार विचारीत नाहीत. वस्तू परक्याची आहे, एवढ्यानेच त्याचे कर्तव्य वेगळे ठरते. स्वतःच्या धनाविषयी जी उदारता किंवा जे धाडस शोभेल, ते निक्षेपाविषयी शोभत नाही, हे या नियमाचे मर्म होय.

आता मुंबईकडे वळू. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध जुंपले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला तोवर लिव्हरपुलात नाके मुरडली जात, त्याला एकाएकी कित्येक पटींनी भाव आला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड या प्रांतांतून गाठी मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडू लागल्या. कापसाची जी रास्त किंमत पूर्वी समजली जाई, तीहून जवळजवळ ८१ कोटी रुपये अधिक पाच वर्षांत मुंबईकडे आले, असा हिशेब मुंबईच्या गॅझेटियरात दिला आहे.

पैशाबरोबर लबाडीही आली. गाठीत सरकी राहू द्यावी, वाळू मिसळावी, वजन वाढावे म्हणून कापूस ओला करावा, चांगल्या मालात हलका माल घालावा, असे प्रकार पूर्वीही होते. आता ते बोकाळले. तेव्हा सरकारने १८६३ साली कापसातील भेसळ बंद करण्यासाठी खास कायदा केला, तपासनीस नेमले आणि लबाडास शिक्षा ठरविली. ही लबाडी कळण्यास सोपी होती. गाठ फोडली की वाळू हाताला लागे. लबाड कोण आणि फसला कोण हेही स्पष्ट असे. सरकारची नीतिबुद्धी येथे पूर्ण जागी होती.

परंतु त्याच १८६३ सालच्या दुसऱ्या एका कायद्याने शहराच्या सर्वांत मोठ्या पेढीचे दार सताड उघडे केले, ही गोष्ट इतिहासाच्या विचित्र योगायोगांपैकी एक आहे. ही पेढी म्हणजे बँक ऑफ बाँबे. ती १८४० साली ५२,२५,००० रुपयांच्या भांडवलावर स्थापन झाली होती. त्यांपैकी ३ लाख रुपये सरकारचे होते आणि संचालकमंडळात सरकारने नेमलेले सभासदही बसत. तिच्या मूळ कायद्याने तिला पुष्कळ गोष्टींची बंदी होती. कोणत्या तारणावर कर्ज द्यावे, किती मुदतीचे द्यावे, एका असामीस जास्तीत जास्त किती द्यावे, या सर्वांस मर्यादा होत्या. त्या मर्यादा व्यापाऱ्यांस जाचक वाटत. पण त्यांच्यामुळेच बँकेचे भाग निर्धास्त समजले जात. सरकारचा हात असलेली बँक ती बुडते कशी, या विश्वासाने सावध गृहस्थ आपली शिल्लक तिच्या भागांत गुंतवीत. १८६३ च्या दहाव्या कायद्याने यांतील पुष्कळ बंधने सैल झाली आणि मंडळ्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा बँकेस मिळाली. पुढे भांडवलही वाढत वाढत २ कोटी ९ लाखांवर गेले.

या मुभेचा अर्थ समजण्यासाठी त्या वेळच्या मंडळ्यांचा बाजार डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या मंडळ्या काढण्याची सोय झाली होती आणि १८६० साली ती बँकांनाही लागू झाली. भागीदाराने आपल्या भागाची रक्कम भरली की त्याच्या घरादारावर आच येऊ नये, ही कल्पना चांगली होती. तिच्यावाचून मोठमोठी कामे उभी राहिली नसती. परंतु तिने जोखीम घेणारा आणि नुकसान सोसणारा यांच्यामधील जुनी गाठ सोडविली. त्या जागी नवीन गाठ कोणती बांधावयाची, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. १८५५ च्या सुमारास ज्या शहरात अशा मंडळ्या जेमतेम दहा होत्या, तेथे १८६५ च्या जानेवारीत ३१ बँका, १६ फायनान्शियल मंडळ्या, ८ जमिनीच्या मंडळ्या, २० विमा मंडळ्या, आणि शिवाय कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या व इतर कितीतरी मंडळ्या नांदत होत्या. १८६० च्या सुमारास दलाल साठ होते. दोन-तीन वर्षांत ते दोनशे-अडीचशे झाले.

या सर्वांत नामांकित मंडळी म्हणजे बॅकबेची समुद्र हटविणारी मंडळी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतचा उथळ समुद्र भरून काढून जमीन करावयाची, रेल्वेस वाट द्यावयाची आणि उरलेली जमीन विकावयाची, असा तिचा संकल्प होता. संकल्प खोटा नव्हता. ती जमीन पुढे खरोखरच झाली आणि आजही तिच्यावरून गाड्या धावतात. पण पाच हजार रुपयांच्या भागावर पंचवीस हजारांहून अधिक वाढावा देऊन लोक तो भाग घेऊ लागले, तेव्हा त्यांचे लक्ष जमिनीवर राहिले नव्हते. आज घेतलेला भाग उद्या आपल्याहून उतावळा कोणीतरी अधिक दराने घेईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. या ओघात केवळ अडाणी किंवा लोभी माणसेच सापडली असे नाही. डॉ. भाऊ दाजींसारख्या थोर विद्वानाची कमाईही त्यात वाहून गेली.

येथे बँकेचा संबंध येतो. समजा, एका गृहस्थाजवळ अशा मंडळीचे भाग आहेत. ते तारण ठेवून तो बँकेकडून कर्ज काढतो. त्या पैशाने आणखी भाग घेतो. अशा अनेकांच्या खरेदीने भाव चढतो. भाव चढला म्हणजे पहिल्याच तारणाची किंमत वाढली असे दिसते. म्हणून त्यावर आणखी कर्ज मिळते. बँकेच्या वह्यांत प्रत्येक कर्जापुढे भरपूर तारण लिहिलेले असते, आणि तरीही त्या तारणाची सारी किंमत बँकेच्याच पैशाने उभी राहिलेली असते. हे चक्र फिरत असता कोणीही खोटा आकडा लिहिलेला नसतो. कापसाच्या गाठीतील वाळू तपासनिसाच्या हाताला लागे. या गाठीत वाळू कोठेच नव्हती, कारण सगळी गाठच वाळूची होती.

या चक्राच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिले देशी दलाल अशी त्यांची ख्याती होती. बुद्धी विलक्षण, स्मरण अचूक, राहणी साधी आणि हात सढळ. त्यांच्या दाराशी सकाळपासून माणसांची रीघ लागे. कोणास नव्या मंडळीचे भाग हवे असत, कोणास कर्ज हवे असे. प्रेमचंदशेटांनी शिफारस केली की बँकेत काम होई. केवळ एखाददुसऱ्या सहीच्या प्रॉमिसरी नोटेवर, पुरेशा तारणावाचून, मोठमोठ्या रकमा बाहेर पडल्या. सेक्रेटरी त्यांच्या शब्दाबाहेर नसे. संचालकांसमोर कर्जांची यादी येई तेव्हा ती मान्य होई. संचालक हे शहरातील प्रतिष्ठित व्यापारी. तेही त्याच बाजारात वावरणारे आणि त्याच ओघात उतरलेले. ज्याच्या कृपेने आपणांस काल भाग मिळाले, त्याच्या चिठीवर आज शंका कशी घ्यावयाची?

प्रेमचंदशेटांस लफंगा ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या योजनांवर त्यांचा स्वतःचा विश्वास होता. आपले धनही त्यांनी त्याच प्रवाहात लोटले होते. मित्रास अडचणीत सोडावयाचे नाही, शब्द दिला तो पाळावयाचा, याचकास विन्मुख पाठवावयाचे नाही, हे जुन्या पेढीचे सारे सद्गुण त्यांच्या ठायी होते. दोष असा की, हे सद्गुण ते परक्याच्या तिजोरीवर आचरीत होते. सावकाराने स्वतःच्या पैशाने मित्राला तारले तर ते औदार्य. बँकेच्या पैशाने तारले तर तो निक्षेपाचा अपहार, मग त्यातला एक पैसाही स्वतःच्या घरी गेला नाही तरी चालेल. बाहेरून पाहता दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात, करणाऱ्याच्या मनातील भावनाही सारखीच असते. म्हणूनच ही नीती शिकण्यास कठीण आहे. ती मनाला विचारून कळत नाही. पैसा कोणाचा, हे विचारल्यावर कळते.

१८६५ च्या एप्रिलात, ९ तारखेस, दक्षिणेकडील सेनापती ली शरण गेला आणि युद्ध संपल्यासारखे झाले. कापसाचे भाव तहाच्या वावड्यांनी आधीच ढासळू लागले होते. आता ते कोसळले. कापसावर उभारलेल्या पेढ्या डळमळल्या आणि त्यांच्यामागून भागांचे भाव गेले. भागांचे वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ या तारखेस पुरे करावयाचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यांजवळ देण्यास पैसा नव्हता. ज्याला येणे होते त्यालाच देणेही होते, आणि एकाच्या नादारीने दहा जण नादार होत गेले. दिवाळ्यांची रांग इतकी लांबली की ती निकालात काढण्यासाठी सरकारला खास कायदा करावा लागला. १८६६ साली लंडनात ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बुडाली आणि त्या धक्क्याने मुंबईतील उरल्यासुरल्या संस्थाही खचल्या. प्रेमचंदशेटांचेही दिवाळे वाजले. बॅकबेचे भाग कवडीमोल झाले.

बँकेचे काय झाले, ते मात्र एकदम कळले नाही. संकटाच्या दिवसांत तिने आपले बुडते ऋणको वाचविण्याचा प्रयत्न केला, कारण ते बुडाले तर आपले कर्ज बुडाले हे उघड करावे लागले असते. या अवस्थेत प्रत्येक संस्थेस एक मोह पडतो. आज खरे सांगितले तर विश्वास उडेल. उद्यापर्यंत थांबले तर कदाचित वेळ टळेल. मुंबई सरकारही या मोहातून सुटले नाही. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे कर्तबगार पुरुष होते. कोटाच्या भिंती पाडून मुंबई मोकळी करण्याचे श्रेय त्यांचे. परंतु ज्या बँकेत सरकारचा भाग आणि सरकारचे संचालक होते, तिच्याविषयी वेळीच कडक चौकशी त्यांच्या सरकारकडून झाली नाही, असा ठपका पुढे त्यांच्यावर आला. अखेर १८६८ च्या आरंभी बँक ऑफ बाँबे मोडीत निघाली. २ कोटींहून अधिक भांडवलापैकी थोडासा अंश सोडला तर बाकी सर्व नाहीसे झाले होते. सट्ट्याशी ज्यांचा संबंध नव्हता, उलट सट्ट्याला भिऊनच ज्यांनी बँकेचे भाग घेऊन ठेवले होते, अशा माणसांस सट्टेबाजांबरोबर बुडावे लागले. या कथेतील खरे अन्यायपीडित ते होत.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ नेमले गेले. त्याने बँकेच्या नाशाची जी कारणे नमूद केली, त्यांचा सारांश असा : १८६३ च्या कायद्याने जुनी बंधने काढून धोक्याचे व्यवहार करण्याची मोकळीक दिली, त्या मोकळिकीचा दुबळ्या आणि तत्त्वशून्य सेक्रेटऱ्यांनी दुरुपयोग केला, संचालकांनी निष्काळजीपणा व नालायकी दाखविली, सेक्रेटऱ्यांस आवरतील असे नियमसुद्धा घालून दिले नाहीत, आणि काळच अत्यंत असाधारण होता.

ही यादी एका न्यायनिष्ठुर वाचकाने पुन्हा वाचावी. कायदा करणारे म्हणतील, आम्ही मुभा दिली, सक्ती केली नव्हती. सेक्रेटरी म्हणतील, आम्ही चाकर; याद्या संचालकांपुढे ठेवीत होतो. संचालक म्हणतील, आम्ही आठवड्यातून थोडा वेळ येणारे. रोजचे काम सेक्रेटरीचे. सरकारी संचालक म्हणतील, व्यापारातले आम्हांस काय कळे. व्यापारी संचालक होतेच. व्यापारी संचालक म्हणतील, सरकारी संचालक गप्प होते त्या अर्थी सर्व ठीक असले पाहिजे. भागीदार म्हणतील, एवढी थोर माणसे असता आम्ही काय विचारावयाचे? यांतील एकही सबब निखालस खोटी नाही. परंतु या सर्व सबबींची बेरीज केली म्हणजे २ कोटींचा खड्डा पडतो. संस्थेतील अनीतीचे स्वरूप हे असे असते. तिला एक मोठा चोर लागतोच असे नाही. अनेक सभ्य माणसांचे मौन तिला पुरते.

मग असाधारण काळ या शेवटच्या सबबीचे काय? ती सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रिय सबब आहे. पण बंधने असतात ती असाधारण काळासाठीच. साधारण काळात बँकेने कसेही कर्ज दिले तरी पुष्कळसे वसूल होते. नियमाची किंमत कळते ती पूर आल्यावर. १८४० च्या कायद्यातील मर्यादा पूर नसताना जाचक वाटल्या, म्हणून बांध फोडला गेला, आणि नेमका तेव्हाच पूर आला.

येथे कोणी विचारील की, अशा काळात एकट्या मनुष्याने काय करावे? याचे उत्तर त्याच पिढीतील एका पुरुषाच्या आचरणात आहे. दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले. ती पेढी अफू आणि मद्य यांचाही व्यापार करी. त्या नफ्यात वाटा घेणे दादाभाईंच्या मनाला पटेना. त्यांनी काही वर्षांतच ती भागी सोडली आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढली. पेढी आपली होती, चालकांशी स्नेह होता, नफा कायदेशीर होता. तरी त्यांनी नकार दिला. मुंबई बँकेच्या संचालकांकडून एवढ्या त्यागाचीही अपेक्षा नव्हती. त्यांच्यापैकी एकाने जरी सभेत ‘हे तारण मला दाखवा’ असे म्हणून तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेतला असता, तरी गोष्ट इतक्या थरास जाती ना. व्यक्तीच्या नीतीला संस्थेत जे रूप घ्यावे लागते ते हे : नकार, विचारणा आणि नोंद. ते मित्राला तारण्याइतके हृदयंगम नाही. त्यात पुष्कळदा मित्र दुखावतो.

आता एक अवघड प्रश्न उरतो. मुंबई विद्यापीठाच्या आवारात जो उंच मनोरा आहे, तो प्रेमचंदशेटांच्या देणगीचा. भरभराटीच्या ऐन दिवसांत, १८६४ साली, त्यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि आपली आई राजाबाई हिच्या नावाने मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. इमारत १८७८ साली पुरी झाली. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी २ लाख दिले आणि त्या व्याजावर चालणारी शिष्यवृत्ती पुढे अनेक विद्वानांस मिळाली. दानाने दोष धुऊन निघतो काय? आपल्या धर्मशास्त्राने दानाइतकाच न्यायार्जित द्रव्याचाही विचार केला आहे, तो उगीच नव्हे. ज्या पिढ्या त्या ग्रंथालयात वाढल्या त्यांचे ऋण खरे. त्याच ओघात ज्या भागीदारांचे आयुष्याचे संचित नाहीसे झाले त्यांचा तळतळाटही खरा. या दोन रकमा एकाच खात्यात जमा-खर्च टाकून शिल्लक काढता येत नाही. मनोऱ्याविषयी कृतज्ञ असावे, आणि बँकेविषयी कठोर असावे. दात्याचा गौरव करताना त्याचा हिशेब विचारण्याचे सोडून देणे, ही मात्र आपल्या समाजाची जुनी खोड आहे, आणि तिचा फायदा पुढेही अनेकांनी घेतला आहे.

या आपत्तीतून शहराने काहीच घेतले नाही असे म्हणता येणार नाही. १८६८ सालीच नवी बँक ऑफ बाँबे उभी राहिली. १८७६ च्या कायद्याने तिन्ही इलाख्यांच्या बँकांवर पुन्हा कडक बंधने आली आणि सरकारने त्यांतील आपली भागीदारी काढून घेतली. सरकारच्या नावावर लोकांनी निर्धास्त राहावे हा घातक भ्रम तेवढ्यापुरता तरी दूर झाला. दलालांनीही १८७५ साली आपली संघटना बांधून स्वतःला नियम लावून घेतले. मुंबईचा शेअरबाजार तो हाच. नवी बँक १९२१ साली इंपीरियल बँकेत मिसळली आणि तिचीच १९५५ साली स्टेट बँक झाली. म्हणजे आजच्या सर्वांत मोठ्या बँकेच्या कुळात ही बुडालेली पूर्वजाही आहे.

परंतु कायद्याने बंधने घातली म्हणजे नीतीचे काम संपले, असेही समजू नये. १८४० चा कायदा कडक होता, आणि तो सैल करून घेणारी माणसे प्रतिष्ठित व सद्धेतूचीच होती. बांध बांधता येतो तसा फोडताही येतो. तो टिकतो तेव्हाच, जेव्हा त्याच्या मागे राहणाऱ्यांस त्याचे कारण माहीत असते. जुन्या सावकारास आपली पत राखण्यास वेगळे शिक्षण लागत नसे. जोखीमच त्याची शिक्षक होती. संस्थेच्या संचालकास मात्र दुसऱ्याच्या जोखमीची जाणीव बुद्धीने जागी ठेवावी लागते. म्हणून स्मृतिकारांचा तो ठेवीचा नियम आज जुना झालेला नाही. उलट पूर्वी जो क्वचित् प्रसंगी एखाद्या गृहस्थास लागू पडे, तो आता जवळजवळ प्रत्येक सुशिक्षित मनुष्यास लागू झाला आहे.

कारण आपल्यापैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा अशा जागी बसतात. कोणी पतपेढीच्या समितीवर असतो, कोणी शाळेच्या नियामक मंडळात, कोणी ज्ञातिफंडाचा किंवा देवस्थानाचा विश्वस्त, कोणी गृहरचना संस्थेचा चिटणीस. रकमा लहान असतात, पण प्रसंग तोच असतो. ओळखीच्या कंत्राटदाराचे बिल पुढे येते, वेळ झालेला असतो, चहा निवत असतो, अध्यक्ष थोर असतात, आणि ‘मंजूर’ म्हणावयास एक क्षण पुरतो. त्या क्षणी पावती मागणारा मनुष्य रूक्ष वाटतो. १८६४ साली मुंबई बँकेच्या सभागृहात असा एखादा रूक्ष मनुष्य बसता, तर कित्येक घरांतील शिल्लक वाचली असती. वर्षाच्या अखेरीस आपल्या संस्थेचा छापील अहवाल टपालाने येतो. तो बहुधा न फोडता कपाटात जातो. यंदा तो फोडून वाचावा, आणि न समजलेली एक तरी रक्कम सभेत उभे राहून विचारावी, एवढीच वाचकांस विनंती आहे.